‘हे कशावरून?’ विचारायला शिकवणारा तास

‘मॅडम, दुष्काळावर पुस्तक आहे का?’

दिवाळीची सुट्टी संपली की देवघेव काउंटरवर हा प्रश्न सुरू होतो. कधी दुष्काळ असतो, कधी बचतगट, कधी स्त्रीशिक्षण. प्रकल्प जमा करायची तारीख जवळ आलेली असते. दुष्काळावर पुस्तकं आहेत, भरपूर आहेत. पण त्यातलं एखादं हातात ठेवून मुलाला पाठवून दिलं, तर तो त्यातली काही पानं उतरवून काढतो, शेवटी ‘निष्कर्ष’ म्हणून चार ओळी जोडतो आणि स्पायरल बाइंडिंग करून आणतो. गुणही मिळतात. शोध मात्र घेतलेला नसतो.

मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. आमच्याकडे येणारी बरीच मुलं पदवीपर्यंत पोचलेली घरातली पहिलीच. एसटीचा पास काढून येतात, दुपारच्या गाडीने परत जातात आणि उरलेला वेळ शेतात किंवा कुठल्यातरी दुकानात काम करतात. या मुलांना शोध घ्यायला शिकवणं हा माझ्या नोकरीचा गाभा आहे, असं मी मानते. पुस्तकांची देवघेव, दाखल नोंदी, वार्षिक पडताळणी ही कामं त्या गाभ्यासाठी आहेत.

आता तर याची निकड वाढली आहे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवीच्या अभ्यासक्रमात फील्ड प्रोजेक्ट आले, चौथ्या वर्षाला संशोधनाचा पर्याय आला. मुलांनी संशोधन करावं, हे कागदावर ठरलं. ते कसं करायचं, हे त्यांना कोण आणि कधी शिकवणार, हा प्रश्न आमच्या दाराशी आला आहे.

ओळख करून देणं पुरत नाही

बहुतेक महाविद्यालयांत जुलै-ऑगस्टमध्ये प्रथम वर्षाच्या मुलांना ग्रंथालय दाखवतात. इथे वाचनकक्ष, इथे वर्तमानपत्रं, दोन पुस्तकं सात दिवसांसाठी, उशीर झाला तर दंड. मुलं रांगेने येतात आणि रांगेने जातात. यात गैर काही नाही, पण त्या दिवशी मुलांच्या मनात कुठलाच प्रश्न नसतो. ज्याला काही शोधायचंच नाही, त्याला शोधायची रीत सांगितली तर ती संध्याकाळपर्यंतही टिकत नाही.

हे फार पूर्वी ओळखलं ते अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातील अर्लहॅम कॉलेजच्या इव्हान फार्बर यांनी. १९६२ मध्ये ते तिथे ग्रंथालयप्रमुख झाले. प्राध्यापकाने वर्गाला एखादा निबंध किंवा प्रकल्प दिला, की त्याच सुमारास ग्रंथपालाने त्या वर्गाला, त्याच विषयाची साधनं घेऊन शिकवायचं, अशी पद्धत त्यांनी तिथे रुजवली. ग्रंथालयाचा वेगळा, सुटा तास नाही. तो इतिहासाच्या किंवा जीवशास्त्राच्या अभ्यासक्रमातच विणलेला. छोट्या शहरातल्या त्या कॉलेजचं हे काम पुढे अमेरिकेतल्या ग्रंथपालांसाठी आदर्श ठरलं.

आपल्याकडे डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली. ‘वाचकाचा वेळ वाचवा’ हे त्यातलं चौथं सूत्र. ते वाचून अनेकांना वाटतं, की पुस्तक चटकन काढून दिलं म्हणजे वेळ वाचला. मला वाटतं, आयुष्यभर पुरेल एवढा वेळ वाचवायचा असेल तर वाचकाला स्वतः शोधता यायला हवं.

म्हणून मी इतिहास, अर्थशास्त्र, भूगोल आणि मराठीच्या प्राध्यापकांना सत्र सुरू होतानाच भेटते. प्रकल्पाचे विषय कधी वाटणार, ते विचारते आणि त्यानंतरच्या आठवड्यात त्यांच्याच वेळापत्रकातला तास ग्रंथालयात घ्यायची विनंती करते. त्या प्राध्यापकांनीही तासाला बसावं, एवढीच माझी अट असते. सर स्वतः बसलेत हे दिसलं, की हा तास अभ्यासाचा आहे हे मुलांना वेगळं सांगावं लागत नाही.

विषयाचा प्रश्न करायचा

पहिल्या तासाला मी एकही पुस्तक उघडत नाही. प्रत्येकाने आपला विषय कागदावर लिहायचा आणि त्याचा प्रश्न करायचा.

बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाच्या एका मुलीने विषय लिहिला होता, ‘डाळिंब शेती’. तिच्या घरची डाळिंबाची बाग होती. मी तिला विचारलं, ‘अगं, तुमच्याकडे पहिल्यापासून डाळिंबच होतं का?’ म्हणाली, ‘नाही मॅडम, आजोबांच्या वेळी सगळी ज्वारी.’ मग बाग कधी आली? सगळ्या गावात एकदम आली का? ज्यांना विहीर होती त्यांनी आधी लावली की कसं? रोपांना आणि खड्ड्यांना पैसे कुठून आले? यातल्या काहींची उत्तरं तिला ठाऊक होती, काहींची घरी विचारून येते म्हणाली. शेवटी तिच्या कागदावर हे वाक्य होतं : ‘१९९० नंतर आमच्या गावात ज्वारीच्या जागी डाळिंब का आलं आणि ते कोणत्या शेतकऱ्यांना परवडलं?’

या वाक्यात काळ आहे, गाव आहे, झालेला बदल आहे आणि माणसं आहेत. ‘डाळिंब शेती’ या विषयावर मिळेल ते उतरवता येतं. या प्रश्नाचं उत्तर मात्र उतरवून काढता येत नाही, कारण ते कुठल्याही पुस्तकात तयार नाही. ते वेगवेगळ्या ठिकाणचे तुकडे जुळवून तिलाच उभं करावं लागणार. संशोधन इथून सुरू होतं.

एका गावाबद्दल प्रश्न विचारणं म्हणजे काहीतरी लहानसहान, असं मुलांना वाटू नये म्हणून मी त्यांना हॅरल्ड मॅन यांच्याबद्दल सांगते. मॅन पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य होते. पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर या एकाच गावाचा त्यांनी अभ्यास केला : कुणाकडे किती जमीन, तिचे किती तुकडे, कर्ज किती, जमिनीच्या उत्पन्नावर घर भागतं का. १९१७ मध्ये प्रसिद्ध झालेला तो अभ्यास भारतातल्या ग्रामीण अर्थव्यवस्थेचा विचार करणारे लोक आजही वाचतात. ते पिंपळे सौदागर आज पिंपरी-चिंचवडमधल्या उंच इमारतींचा भाग झालं आहे. तिथे शंभर वर्षांपूर्वी शेती कशी होती हे आपल्याला नेमकं कळतं, कारण कुणीतरी घरोघर जाऊन नीट विचारलं आणि नीट लिहून ठेवलं.

कुठे बघायचं?

दुसरा तास साधनांचा. इथे मुलांचा सगळ्यात मोठा गैरसमज दूर करावा लागतो. त्यांना वाटतं, एका प्रश्नाला एक पुस्तक असतं. आमच्याकडे पुस्तकं ड्यूई दशांश पद्धतीने लावलेली आहेत. त्या डाळिंबाच्या मुलीला मी कपाटांमधून फिरवलं. फळबागा ६३४ मध्ये, शेतीचं अर्थकारण ३३८.१ मध्ये, पाण्याच्या साधनसंपत्तीवरची पुस्तकं ३३३.९१ मध्ये आणि महाराष्ट्राचा इतिहास ९५४.७९२ मध्ये. तिचा एक प्रश्न चार कपाटांत विखुरला होता. हे तिने चालत जाऊन पाहिलं, तेव्हा वर्गांक म्हणजे पुस्तकाच्या पाठीवरचा नुसता आकडा राहिला नाही.

कोशांपासून सुरुवात करायची, हा माझा आग्रह. वाईहून निघालेला मराठी विश्वकोश आता फोनवरही वाचता येतो. त्यातली एक नोंद वाचली की विषयाचा नकाशा आणि त्यातले नेमके शब्द हाती येतात. मराठीच्या मुलांना मी शंकर गणेश दाते यांची ‘मराठी ग्रंथसूची’ दाखवते. १८०० ते १९३७ या काळात छापलेल्या मराठी पुस्तकांची ती विषयवार नोंद आहे. एखाद्या जुन्या लेखकावर ‘काहीच मिळत नाही’ म्हणणाऱ्या मुलाला त्या सूचीची पानं उलटायला लावली, की काय काय छापलं गेलं होतं ते त्याला दिसतं.

नंतर गावाजवळची साधनं. सोलापूर जिल्ह्याचं जुनं गॅझेटिअर १८८४ चं, मुंबई इलाख्याच्या मालिकेतला विसावा खंड. जिल्ह्यातली पिकं, बाजार, विहिरी, १८७६-७७ चा दुष्काळ, सगळं त्यात सापडतं. जनगणनेच्या जिल्हा पुस्तिकेत गाववार माहिती असते. अर्थ व सांख्यिकी संचालनालय दरवर्षी ‘जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन’ काढतं आणि राज्याची आर्थिक पाहणीही. ही प्रकाशनं पाहायची असतात हे मुलांना कुणी सांगितलेलं नसतं. त्या मुलीला तिच्या प्रश्नाचा पहिला धागा यांतूनच मिळाला. १९९० च्या सुमाराला राज्याने रोजगार हमी योजनेशी जोडून फळबाग लागवडीची योजना सुरू केली होती. खड्डे खणण्याची, लागवडीची मजुरी त्यातून मिळत होती. आजोबांनी सांगितलेली गोष्ट आणि सरकारी पानावरचं वर्ष जुळल्यावर तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं, आणि यापुढे तिला मागे लागून काम करून घ्यावं लागणार नाही, हे मला कळलं.

प्रबंध पाहायचे असतील तर ‘शोधगंगा’ आहे. गांधीनगरचं इन्फ्लिबनेट केंद्र ते चालवतं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २००९ च्या नियमांनंतर विद्यापीठांतले पीएच.डी.चे प्रबंध तिथे जमा होऊ लागले आणि ते कुणालाही फुकट वाचता येतात. शेतीविषयक प्रबंध ‘कृषिकोश’वर असतात. प्रबंध पाहून मुलं घाबरतात, एवढी तीन-चारशे पानं कशी वाचायची? मी सांगते, आधी शेवटची संदर्भसूची वाचा. त्या संशोधकाने वर्षानुवर्षं खपून जमवलेली यादी तुम्हाला आयती मिळते. मग माहिती कशी गोळा केली हे सांगणारं प्रकरण वाचा. तिसरं, फक्त तुमच्या प्रश्नाशी जुळणारं प्रकरण.

इंग्रजी नियतकालिकांसाठी आमच्यासारख्या अनुदानित महाविद्यालयांना इन्फ्लिबनेटची ‘एन-लिस्ट’ ही योजना आहे. सहा हजारांहून जास्त नियतकालिकं तिच्यातून वाचता येतात. प्रत्येक विद्यार्थ्याला तिचं खातं मिळू शकतं, पण ते उघडून कसं शोधायचं हे शिकवल्याशिवाय ते खातं पडूनच राहतं. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ला मंजुरी दिली, तीन वर्षांसाठी सहा हजार कोटी रुपये. सरकारी संस्थांतल्या मुलांना त्यातून सुमारे तेरा हजार नियतकालिकं खुली झाली. एवढा पैसा खर्च होतो आहे. शोधायला शिकवणारा माणूस नसेल, तर त्यातलं फारच थोडं खेड्यातल्या मुलापर्यंत पोचेल.

याच तासाला शोधशब्दांची यादी करतो. फोनवर ‘धाराशिव दुष्काळ’ असं टाकून मुलगा बसतो आणि जुनं काहीच येत नाही म्हणतो. जिल्ह्याचं नाव २०२३ मध्ये बदललं. त्याआधीचे सगळे अहवाल ‘उस्मानाबाद’ याच नावाखाली आहेत. इंग्रजी राजवटीतली कागदपत्रं शोधायची तर सोलापूरचं आणि पुण्याचं तेव्हाचं इंग्रजी स्पेलिंग माहीत हवं. शासनाच्या कागदांत बऱ्याचदा ‘दुष्काळा’ऐवजी ‘टंचाई’ हा शब्द येतो. नेमकं वाक्य अवतरणचिन्हांत टाकलं तर शोध कसा आटोपशीर होतो, फक्त सरकारी संकेतस्थळांपुरता तो कसा मर्यादित करता येतो, हेही करून दाखवते. दहा मिनिटांची ही शिकवण मुलांना सगळ्यात जास्त आवडते, कारण लगेच हातात काहीतरी येतं.

कुणावर विश्वास ठेवायचा?

तिसरा तास माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा. सापडलेली प्रत्येक गोष्ट खरी नसते.

अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाचे सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी २०१७ मध्ये एक अभ्यास मांडला. दहा इतिहासकार, दहा व्यावसायिक तथ्यतपासनीस आणि स्टॅनफर्डचेच पंचवीस विद्यार्थी यांना काही संकेतस्थळं तपासायला दिली. इतिहासकार आणि विद्यार्थी त्याच पानावर खालीवर फिरत राहिले. भारदस्त नाव, छान बोधचिन्ह, संदर्भांची यादी पाहून त्यातले बरेच फसले. तथ्यतपासनीस मात्र ते पान लगेच सोडून बाहेर पडले. नवी खिडकी उघडून ही संस्था कोणाची, तिला पैसा कोण देतं, इतर लोक तिच्याबद्दल काय म्हणतात, हे त्यांनी आधी पाहिलं. ते कमी वेळात बरोबर उत्तराला पोचले.

हे मी आमच्या मुलांकडून करून घेते. डाळिंबावर पडणारा तेल्या रोग हा इकडच्या घराघरातला विषय. त्याच्यावर हमखास उपाय सांगणारे संदेश फोनवर फिरत असतात. असा एक संदेश घेतो आणि तो वाचत बसण्याऐवजी बाहेर पडतो. लिहिणारा कोण? त्याच नावाचं औषध कुणी विकतंय का? सोलापुरात २००५ पासून राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, त्याच्या प्रकाशनांत या रोगाबद्दल काय म्हटलंय? या तासानंतर एक मुलगा वडिलांना घेऊन ग्रंथालयात आला. त्यांना ती प्रकाशनं स्वतः पाहायची होती. अभ्यासक्रमात या गोष्टीला गुण नाहीत, पण मी तिला माझ्या कामाचं मोठं फळ समजते.

सरकारी आकड्यालाही प्रश्न विचारायला मी शिकवते. गावातल्या डाळिंबाखालच्या क्षेत्राचा आकडा दोन कागदांत वेगळा दिसला, की मुलं विचारतात, ‘यातला खरा कुठला?’ मी विचारायला लावते : हा आकडा कुणी, कशासाठी, कसा गोळा केला? पूर्वी पीकपाहणी तलाठी करत असे. २०२१ पासून ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतः आपल्या फोनवरून नोंद करतो. पद्धत बदलली की आकड्यांची सरळ तुलना करताना थांबावं लागतं. एवढं समजलेलं मूल पुढे कुठल्याही जाहिरातीकडे, भाषणाकडे किंवा बातमीकडे वेगळ्या नजरेने पाहतं.

टिपण, संदर्भ आणि यंत्राची उत्तरं

उतरवून काढणं ही मुलांची लबाडी आहे, असं मी मानत नाही. शाळेपासून त्यांना ‘पुस्तकातलं जसंच्या तसं लिहा’ म्हणूनच गुण दिलेले असतात. यूजीसीने २०१८ मध्ये वाङ्मयचौर्याविरुद्ध नियम केले. प्रबंधात दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही, त्यावर पायरीपायरीने कारवाई. त्यामुळे सगळं लक्ष टक्क्यांवर गेलं आणि काही मुलं शब्द बदलून टक्के खाली आणण्याच्या मागे लागली. मी वर्गात साधी रीत शिकवते. उतारा वाचायचा, पुस्तक मिटायचं, शेजारच्याला तोंडी सांगायचं आणि मग लिहायचं. लिहून झालं की पुस्तक उघडून ताडून पाहायचं आणि पान क्रमांकासह कुठून घेतलं ते लगेच तिथेच टिपायचं. संदर्भ द्यायचा तो मागून येणाऱ्याला त्याच वाटेने जाऊन आपलं म्हणणं तपासता यावं म्हणून.

आता कृत्रिम बुद्धिमत्तेची साधनं मुलांच्या फोनवर आली आहेत. त्यांचा उपयोग होतो. अवघड इंग्रजी उतारा सोपा करून घेता येतो, शोधशब्द सुचतात. पण ती नसलेली पुस्तकं आणि न लिहिलेले लेखही तितक्याच ठामपणे सांगतात. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयात दोन वकिलांनी चॅटजीपीटीने दिलेले खटल्यांचे दाखले सादर केले. ते खटले कधी झालेच नव्हते. न्यायाधीशांनी पाच हजार डॉलर दंड केला. ही हकिगत सांगून मी मुलांना कामाला लावते. यंत्राकडून एका विषयावरची संदर्भसूची घ्यायची आणि तिच्यातली प्रत्येक नोंद आमच्या ओपॅकवर (ग्रंथालयाच्या संगणकीय सूचीवर), शोधगंगेवर, प्रकाशकाच्या यादीत शोधायची. सापडलं तर खूण, नाही सापडलं तर फुली. फुल्या पडायला लागल्या की व्याख्यानाची गरज उरत नाही.

यासाठी काय लागेल?

फार मोठा खर्च लागत नाही. प्रत्येक विषयाच्या प्रकल्पाला जोडून ग्रंथालयाचे तीन-चार तास वेळापत्रकात छापील असावेत. प्रकल्पाच्या गुणांमध्ये काही गुण शोधाच्या वाटेसाठी असावेत. म्हणजे प्रश्न कसा घडला, कुठे कुठे पाहिलं, काय नाकारलं आणि का, याची विद्यार्थ्याने लिहिलेली नोंदवही तपासली जावी. आमची काही प्राध्यापक मंडळी असं करतात आणि त्या वर्गांतली कामं वेगळी दिसतात. तिसरी गोष्ट, ग्रंथपालाचं पद भरलेलं असावं. यूजीसीच्या दृष्टीने ते शैक्षणिक पद आहे, पण राज्यातल्या अनेक महाविद्यालयांत ते वर्षानुवर्षं रिकामं आहे. चाव्या सांभाळायला माणूस मिळतो. शिकवायला मिळत नाही.

पालकांनाही सांगावंसं वाटतं. आपली मुलगी ग्रंथालयात बसते म्हणजे फक्त स्पर्धा परीक्षेची तयारी करते, असं नसू दे. ती आपल्याच गावाबद्दल काही शोधत असेल, तर आजोबांजवळ बसवून त्यांच्या आठवणी तिला लिहून घेऊ द्या, जुना सातबारा, सोसायटीचं पासबुक दाखवा. तेही साधनच आहे.

शहरातल्या मुलाला चुकीची माहिती मिळाली तर विचारायला आसपास चार माणसं असतात. आमच्या मुलांना तेवढा आधार नसतो. बियाणं, कर्ज, औषध, नोकरीची जाहिरात, या सगळ्यांत चुकीच्या माहितीची किंमत त्यांना लगेच मोजावी लागते. म्हणून ‘हे कशावरून?’ असं सभ्यपणे पण न घाबरता विचारता येणं, ही गोष्ट त्यांच्या पदवीत सगळ्यात आधी यायला हवी.

चांगल्या प्रकल्पांची एक प्रत आम्ही आता ग्रंथालयात रीतसर दाखल करतो. प्रत्येकीला दाखल क्रमांक, वर्गांक, ओपॅकवर नोंद. डाळिंबाचा तो प्रकल्पही त्यात आहे, गावातल्या कुटुंबांच्या मुलाखतींसह. पुढच्या वर्षी शेजारच्या गावचा एक मुलगा शेततळ्यांचा प्रश्न घेऊन आला, तेव्हा मी त्याला आधी तोच प्रकल्प वाचायला दिला. त्याने तो वाचला, त्यातल्या दोन आकड्यांवर शंका काढली आणि त्या गावात जाऊन ते पुन्हा तपासले. मुलं एकमेकांचं काम असं वाचून, तपासून पुढे नेऊ लागली, की महाविद्यालयात संशोधन सुरू झालं असं मी समजते.